सरकारचा उरलेला हक्क समजावून सांगताना

महसूल खात्यात नोकरीची सगळी वर्षं काढून निवृत्त झालो, तरी बोलावणी थांबली नाहीत. त्यातलं एक काम मी मनापासून घेतलं. सरकारनं पूर्वी अटी घालून दिलेल्या जमिनी भोगवटादार वर्ग-२ मधून वर्ग-१ मध्ये कशा येतात, हा कायदा कर्मचाऱ्यांना आणि लोकांना समजावून सांगायचा. कधी समोर तलाठी, मंडळ अधिकारी आणि अव्वल कारकून असत, कधी गृहनिर्माण संस्थांचे सचिव, कधी शेतकरी. (तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात अजून सगळे तलाठीच म्हणतात, मीही तेच म्हणतो.)

कायद्याचा गाभा फार मोठा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २९ मध्ये भोगवटादारांचे वर्ग आहेत. वर्ग-१ चा माणूस आपली जमीन विकू शकतो, गहाण ठेवू शकतो. वर्ग-२ च्या माणसाकडे जमीन कायमची असते, वारसांकडे जाते, पण हस्तांतरावर बंधन असतं. हे बंधन म्हणजेच सरकारनं स्वतःकडे राखून ठेवलेला हक्क. पुढे संहितेत दुरुस्ती झाली, ८ मार्च २०१९ रोजी रूपांतरणाचे नियम आले, आणि रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातल्या, किमतीवर ठरावीक टक्के अधिमूल्य (प्रीमियम) भरून हा राखून ठेवलेला हक्क सरकारकडून सोडवून घ्यायची वाट मोकळी झाली. भाडेपट्ट्याच्या जमिनींनाही ती लागू केली.

सुरुवातीला आयोजकांनी दोन वेगळ्या बैठका ठेवल्या होत्या. सकाळी कर्मचारी, दुपारी लोक. सकाळच्या बैठकीत सगळे प्रश्न कार्यपद्धतीचे: अर्जाचा नमुना कुठला, अहवाल कोणी द्यायचा, चलन कुठल्या लेखाशीर्षाखाली. दुपारच्या बैठकीत एकच प्रश्न, पैसे किती आणि कशाबद्दल? मी दोन्हीकडे तेच बोलत होतो. तरी संध्याकाळी बाहेर पडताना दिसलं की, कर्मचाऱ्यांच्या लेखी ही एक फाईल होती आणि लोकांच्या लेखी एक दंड. सरकार काहीतरी विकतंय आणि आपण काहीतरी विकत घेतोय, हे दोघांच्याही मनात आलेलं नव्हतं. मी तहसीलदारांना विनंती केली की, पुढची बैठक एकत्र घ्या. त्यांनी थोडे आढेवेढे घेतले, लोक कर्मचाऱ्यांवर तुटून पडतील अशी त्यांना भीती होती. पण तयार झाले.

एकत्र बैठकीत मी नियमापासून सुरुवात करायची नाही असं ठरवलं. आधी कागद. एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांना मी आदल्या आठवड्यातच सांगून ठेवलं होतं की, जमीन मिळाल्याचा मूळ आदेश आणि कबुलायत, म्हणजे अटी मान्य असल्याचा लेखी कागद, शोधून आणा. ते म्हणाले, "साहेब, सात-बारा आहे, प्रॉपर्टी कार्ड आहे, आदेश कशाला?" तरी त्यांनी शोधला. पिवळा पडलेला, टंकलिखित, घडीवर फाटायला आलेला कागद. तो मी त्यांच्याकडूनच मोठ्यानं वाचून घेतला. क्षेत्र, घेतलेली रक्कम आणि मग अटी: जमीन सभासदांच्या निवासासाठीच वापरावी, ठरलेल्या मुदतीत बांधकाम करावं, जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री, गहाण, बक्षीस किंवा अन्य प्रकारे हस्तांतर करू नये, अटीचा भंग झाल्यास जमीन सरकारजमा होण्यास पात्र राहील. शेवटच्या अटीवर सभागृहात एकदम शांतता झाली. त्या संस्थेत निम्म्याहून जास्त फ्लॅट हातोहात बदललेले होते, हे सचिवांनी स्वतःच सांगितलं.

मग मी अव्वल कारकुनांकडे वळलो. "या जमिनीत संस्थेकडे काय आहे आणि सरकारकडे काय उरलं आहे, सांगा." त्यांनी नीट सांगितलं: ताबा संस्थेचा, इमारत संस्थेची, विकायचा अधिकार मात्र परवानगीच्या गाठीत, आणि अट मोडली तर परत घ्यायचा अधिकार सरकारचा. मागच्या रांगेतल्या एका काकूंनी लगेच विचारलं, "म्हणजे आम्ही जे पैसे भरणार, ते त्या परत घ्यायच्या अधिकाराचे?" त्या एका वाक्यात सगळा नियम होता. त्यानंतर टक्क्यांवर कोणी वाद घातला नाही, घातला तो हिशोबावर. तो घालायलाच हवा होता.

हिशोब मी फळ्यावर मांडतो, कल्पित आकडे घेऊन. हजार चौरस मीटर जमीन, वार्षिक मूल्यदर तक्त्यात दर चौरस मीटरला २०,००० रुपये, म्हणजे जमिनीची किंमत २ कोटी. २०१९ च्या नियमांत सवलतीच्या काळात निवासी वापराच्या वर्ग-२ जमिनीसाठी १५ टक्के आणि भाडेपट्ट्याच्या जमिनीसाठी २५ टक्के असे दर होते. १५ टक्क्यांनी ३० लाख, ४० सभासदांत वाटले तर प्रत्येकी ७५,००० रुपये. २५ टक्क्यांनी ५० लाख, प्रत्येकी सव्वा लाख. भाडेपट्ट्याला जास्त का, हेही कागदावरूनच कळतं: पट्ट्याच्या जमिनीत मुदत संपल्यावर अख्खी जमीनच सरकारकडे परत यायची असते, म्हणजे सरकारकडे उरलेला हक्क मोठा, म्हणून सोडवायची किंमतही मोठी. सवलतीची मूळ मुदत तीन वर्षांची होती, नंतर वाढवली गेली, आणि सवलतीबाहेरचे दर कितीतरी चढे ठेवले होते. म्हणून अर्ज करणाऱ्यानं त्या दिवशी लागू असलेली अधिसूचनाच हातात घेऊन बसावं, शेजारच्या संस्थेनं काय भरलं ते विचारून उपयोग नाही.

कर्मचाऱ्यांची अडचण वेगळी होती, आणि ती लोकांसमोर बोलली गेली याचं मला फार समाधान वाटतं. एका तरुण नायब तहसीलदारानं उभं राहून सांगितलं, "सर, आज मी शिफारस करतो. दहा वर्षांनी लेखापरीक्षणात कोणी म्हटलं की, लिलाव केला असता तर जास्त पैसे आले असते, तर उत्तर कोण देणार?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सरकारी मालमत्तेच्या फाईलवर सही करणारा माणूस या भीतीनं फाईल दाबून ठेवतो, आणि लोक म्हणतात पैसे खायला बसलाय. कधी ते खरंही असतं, पण अनेकदा नुसती भीती असते.

मी त्याला दोन निकालांबद्दल सांगितलं. पहिला १६ सप्टेंबर २००३ चा, हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमच्या विक्रीबद्दलचा. या कंपन्या सत्तरच्या दशकात संसदेच्या कायद्यांनी परदेशी तेल कंपन्यांचे व्यवसाय ताब्यात घेऊन उभ्या राहिल्या होत्या. सरकारनं नुसत्या प्रशासकीय निर्णयानं त्यांतला आपला मोठा हिस्सा विकायला काढला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, आधी संसदेत कायद्यात बदल करा, मग विका. म्हणजे पहिला प्रश्न किमतीचा नाही, अधिकाराचा आहे. आपल्या बाबतीत संहितेत दुरुस्ती झाली, तिच्याखाली नियम झाले, त्या नियमांत दर ठरले. सही करणारा अधिकारी कायद्यानं दिलेला अधिकार वापरतो आहे. त्याच्या मनातली किंमत त्यानं लावलेली नाही.

दुसरं म्हणजे २०१२ मध्ये राष्ट्रपतींनी पाठवलेल्या संदर्भावर न्यायालयानं दिलेलं मत. मोबाइल लहरींच्या वाटपाच्या टू-जी प्रकरणानंतर, नैसर्गिक संपत्ती नेहमी लिलावानंच द्यायची का, असा तो प्रश्न होता. उत्तर आलं की, लिलाव हा घटनेनं बांधून घातलेला एकमेव मार्ग नाही, पण निवडलेला मार्ग न्याय्य, पारदर्शक आणि मनमानी नसलेला हवा. मी त्या अधिकाऱ्याला म्हटलं, चाळीस कुटुंबं ज्या जमिनीवर राहतात तिचा लिलाव कोणाला करणार आहात? राखलेला हक्क सोडायचा तर तो ताबा असलेल्यालाच सोडता येतो. तुमचं संरक्षण तुमच्या आदेशात आहे. मूळ आदेशाचा क्रमांक आणि तारीख, मंजूर वापर आणि आजचा वापर, कोणत्या वर्षाचा मूल्यदर तक्ता धरला, दर कोणत्या नियमाचा, चलनाचा क्रमांक, शर्तभंग आहे की नाही आणि असल्यास काय केलं. एवढं लिहिलेला सकारण आदेश दहा वर्षांनीही स्वतःच उत्तर देतो. "अर्जदाराची विनंती मान्य करण्यात येत आहे" एवढ्या एका ओळीचा आदेश मात्र कोणालाच वाचवत नाही, अर्जदारालाही नाही.

त्याच बैठकीत मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, हे खासगीकरणच झालं ना, एअर इंडियासारखं? मी म्हटलं, हो, प्रकार तोच. तिथं १८,००० कोटींची बोली होती, त्यातलं १५,३०० कोटींचं कर्ज खरेदीदारानं अंगावर घेतलं आणि २,७०० कोटी सरकारला रोख मिळाले. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटा समूहाकडे गेली. इथं रक्कम लहान, घेणारे हजारो, आणि वर्तमानपत्रात बातमी येत नाही. पण सार्वजनिक हातातला हक्क खासगी हातात जातो, म्हणून नियमही तेवढ्याच काटेकोरपणे पाळायला हवेत. हे ऐकून लोकांपेक्षा कर्मचारीच जास्त ताठ बसले, असं मला जाणवलं.

शेतकऱ्यांच्या बैठकांत मात्र पहिला तास वेगळ्याच कामात जायचा. सात-बाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ लिहिलेली प्रत्येक जमीन या नियमांत बसत नाही, आणि तिथंच एजंट लोकांना लुबाडतात. कूळकायद्यानं मिळालेली जमीन वेगळी, सिलिंगची (कमाल जमीनधारणा कायद्यातली) वेगळी, वतनाची वेगळी, देवस्थान इनाम वेगळं, पुनर्वसनाची वेगळी. प्रत्येकीचा कायदा निराळा. गायरान तर कोणाला दिलेलंच नसतं, त्यावर वर्षानुवर्षं कब्जा आहे म्हणून रूपांतरणाचा अर्ज घेऊन येणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणावं लागतं. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं नियमित करण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच कडक ताशेरे ओढले आहेत.

एक आजोबा कापडी पिशवीत कागद घेऊन आले होते. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की, जमीन वर्ग-१ करायला बाजारभावाच्या निम्मे पैसे लागतील, आणि त्यासाठी ते अर्धा एकर विकायच्या विचारात होते. पिशवीतून ३२-म चं प्रमाणपत्र निघालं. म्हणजे कूळ म्हणून खरेदी केलेली जमीन. ही खरेदी होऊन दहा वर्षं केव्हाच उलटली होती. अशा जमिनीसाठी २०१४ च्या दुरुस्तीनं जमीन महसुलाच्या आकाराच्या चाळीस पट नजराणा (सरकारला भरायची रक्कम) ठेवला आहे, आणि विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगीही लागत नाही, फक्त घेणारा कायद्यानुसार शेतकरी असावा लागतो आणि बाकीच्या अटी सांभाळाव्या लागतात. त्यांच्या सात-बाऱ्यावर आकार होता चार रुपये साठ पैसे. शेजारी बसलेल्या तलाठीताईंनी मोबाइलवर गुणाकार करून त्यांना दाखवला: १८४ रुपये. आजोबांचा विश्वास बसेना, ताईंनी तो परत करून दाखवला. लाखांच्या जागी एकशे चौऱ्याऐंशी. जमीन कोणत्या कायद्यानं आली हे न बघता "वर्ग-२ आहे ना, मग एवढे लागतील" असं सांगणाऱ्या माणसाचा मला मनस्वी राग येतो, मग तो कचेरीच्या आतला असो की बाहेरचा.

तेव्हापासून मी प्रत्येक तालुक्यात एकच गोष्ट आधी मागतो: गाव नमुना १-क. वर्ग-२ च्या जमिनींची ही नोंदवही. जमीन कोणत्या कायद्यानं, कोणत्या आदेशानं दिली, हे तिथून कळायला हवं. बऱ्याच गावांत ती आणि सात-बारा जुळत नाहीत. नोंदवहीत आहे, पण सात-बाऱ्यावर शेरा नाही, किंवा शेरा आहे आणि मूळ आदेशाचा पत्ता नाही. तलाठ्यांना मी सांगतो की, लोकांना बोलवायच्या आधी हे दोन कागद शेजारी ठेवून जुळवा, कारण लोकांचे निम्मे प्रश्न या जुळणीतच सुटतात. काहींनी खरोखर रात्री बसून हे काम केलं. त्यांचं कौतुक कुठल्या अहवालात आलेलं नाही, म्हणून इथं लिहितो.

मला सर्वांत जड जाणारा भाग भूमिहीनांना दिलेल्या जमिनींचा. या कुटुंबांना जमीन देताना विक्रीवर बंधन घातलं, त्यामागे सरकारचा हेतू साधा होता: आज दिलेली जमीन उद्या सावकाराच्या किंवा बड्या शेतकऱ्याच्या घशात जाऊ नये. त्या बंधनामुळेच कित्येक घरांत जमीन अजून टिकून आहे. तीच आता सोडवता येते म्हटल्यावर पहिला उत्साह दाखवतो तो बहुधा जमीनधारक नसतो, त्याच्या मागे उभा असलेला, अधिमूल्य भरायला तयार असलेला माणूस असतो. एका बैठकीत एका ताईंच्या अर्जावर त्यांच्याऐवजी दुसराच कोणी बोलत होता. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, पैसे कोण भरणार? त्यांनी त्या माणसाकडे बघितलं. मग मी सगळ्यांसमोर, कोणाचं नाव न घेता, सांगितलं की, रूपांतरण ऐच्छिक आहे. अर्ज केला नाही म्हणून कोणी जमीन काढून घेत नाही, वर्ग-२ वर शेती करता येते, वारसनोंद होते. विकायची नसेल तर घाई कशाला? काही अधिकाऱ्यांना हे आवडलं नाही, उद्दिष्ट आहे, प्रकरणं निकाली निघायला हवीत, असं एक जण म्हणालेही. माझं मत मी बदललेलं नाही. कायदा समजावणाऱ्यानं अर्ज करायला सांगायचं नसतं. अर्ज केल्यानं काय होतं आणि न केल्यानं काय होतं, दोन्ही सांगायचं असतं.

याच कारणानं मी वर्ग-१ चे गैरसमजही प्रत्येक वेळी फोडून सांगतो. वर्ग-१ झालं म्हणजे सगळी बंधनं गेली असं नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवर संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चं संरक्षण आहे, ते धारणाप्रकार (वर्ग-१ की वर्ग-२) बदलल्यानं उठत नाही. विकास आराखड्यातलं आरक्षण उठत नाही. बँकेचा बोजा उठत नाही. भावाभावांतला वाटपाचा वाद तर मुळीच मिटत नाही. गृहनिर्माण संस्थांत आणखी एक समज असतो की, आपल्या फ्लॅटपुरते पैसे भरून आपल्यापुरता अर्ज करता येईल. जमीन संस्थेला दिलेली असते, म्हणून अर्ज संस्थेचाच, आणि त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. ज्येष्ठ सभासदांकडे एकदम एवढी रक्कम नसते, त्यावरून संस्थांत भांडणं झालेली मी बघितली आहेत. एका संस्थेनं दुरुस्ती निधीतून त्यांचा वाटा आधी भरला आणि हप्त्यांनी वसूल केला. सभेत मान्य करून, इतिवृत्तात लिहून. मला तो मार्ग फार सभ्य वाटला.

शर्तभंगाबद्दल लोक घाबरून गप्प बसतात. परवानगीशिवाय फ्लॅट विकला गेला आहे, तळमजल्यावर दुकान निघालं आहे, हे अर्जात लिहायचं की नाही? लिहायचं. स्थळपाहणीत ते दिसणारच असतं. आधी शर्तभंग नियमानुकूल करून घ्यायचा, त्याची रक्कम वेगळी भरायची, मग रूपांतरण. दडवून मिळालेला आदेश पुढं पुनर्विकासाच्या वेळी, विकासकाच्या वकिलानं कागद तपासायला घेतले की उघडा पडतो, आणि तेव्हा ज्यानं दडवलं तो संस्थेत राहतही नसतो.

पैसे भरले, आदेश मिळाला, पेढे वाटले, इथं बहुतेकांचं काम संपतं. खरं तर दोन कामं उरलेली असतात. आदेशाची प्रत तलाठ्याकडे किंवा शहरात नगर भूमापन कार्यालयात देऊन फेरफार नोंदवून घ्यायचा, मंडळ अधिकाऱ्यांनी किंवा संबंधित अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केला की नवा सात-बारा किंवा मिळकत पत्रिका काढून धारणाप्रकार बदलला आहे का ते डोळ्यांनी बघायचं, आणि इतर हक्कांतला जुना शेरा कमी झाला का तेही. गावात असेल तर १-क मधली नोंदही त्याच वेळी अद्ययावत करायला सांगायचं. आता बैठकीच्या शेवटी मी लोकांकडून एवढंच लिहून घेतो: आदेशाचा क्रमांक, फेरफाराचा क्रमांक. दुसरा रकाना रिकामा असलेल्यांची यादी त्याच दिवशी तहसीलदारांच्या हातात देतो, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्या यादीतली नावं वाचून करतो.